गोळेकाकूंचा बँडवाला

कुठल्याही लग्नाला गेल्या तरी गोळेकाकू आधी नवरीला भेटत नसत, रुखवताला भेटत. कार्यालयाच्या एका बाजूला लांब टेबलावर चादर घालून त्या वस्तू मांडलेल्या असत. लोकरीची बदकं, टिकल्यांनी मढवलेले नारळ, सुपाऱ्यांना कपडे घालून केलेली वरात. काकू हात मागे बांधून उभ्या राहत, चष्मा कपाळावर चढवत आणि एकेक वस्तू नाकाजवळ आल्यासारखी बघत. मधोमध सोनेरी कागदावर लिहिलेलं असे, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेल्या वस्तू'. ते त्या मोठ्याने वाचत, म्हणत, "दिसतंयच," आणि जेवायला जात.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर अशा लग्नाला गेले तेव्हा लाजेने अर्धी झाले होते. नवरीची आई शेजारीच उभी होती. तिने ते नीट ऐकलं होतं. पण ती चिडली नाही. उलट पंगतीत स्वतः येऊन तिने काकूंच्या ताटात आग्रहाने जिलबी वाढली. मला याचा अर्थ लागेना. घरी परतताना मी भीतभीत म्हटलं, "काकू, त्या बाईला वाईट वाटलं असंल." काकू म्हणाल्या, "कशाला वाटेल? ती वरात मीच केली आहे."

मला लिहायची सवय नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या पलीकडे मी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. वडील वाशीमजवळ सूतगिरणीत होते. त्यांनी मला पुण्याला बी.एस्सी.ला पाठवलं आणि ओळखीच्या ओळखीतून सदाशिव पेठेत गोळेकाकूंच्या मागच्या खोलीत माझी सोय झाली. पहिल्या दिवशी काकूंनी मला दारातच उभं ठेवून नियम सांगितले होते. "हीटर लावायचा नाही. मैत्रिणी आणायच्या नाहीत. खोली आवडली नाही तर सांगायचं नाही. आणि या घरात जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, वाशीमलासुद्धा नाही. नाव काय तुझं?" मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मला 'वाशीम' म्हणायला लागल्या.

घरात दिसत होतं ते हे. खिडकीशी काकू बसलेल्या, समोर परातीत सुपाऱ्या, जुन्या साड्यांच्या काठांचे तुकडे, लोकर, तार, गोंदाची वाटी. काडेपेटीची काडी काळ्या शाईत बुडवून त्या सुपारीवर दोन ठिपके ठेवत, आणि सुपारी एकदम आपल्याकडे बघायला लागे. काठाच्या जरीचा फेटा, तारेचा घोडा, मागे करवल्या, पुढे लाल कपड्यातले बँडवाले. सगळी वरात नवरदेवाकडे तोंड करून असे. एक बँडवाला मात्र प्रत्येक वरातीत मान वळवून भलतीकडेच बघत असे.

"काकू, हा चुकला का?"

"काही चुकलेला नाही. बँडवाला नवरदेवाकडे बघतो का कधी? तो जेवणाचा मांडव कुठे आहे ते बघतो. लग्नात तेवढ्या एकाचंच डोकं ठिकाणावर असतं."

रुखवत मुलीने स्वतः करायचं असतं, असं समजतात. ज्या मुली सकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला आणि संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जात होत्या, त्या मधल्या वेळात सुपाऱ्यांना फेटे बांधत असतील, यावर पुण्यात कुणाचाही विश्वास नव्हता. पण सगळे विश्वास असल्यासारखे वागत. मुलीची आई मागच्या दाराने येई, काकूंशी हळू आवाजात बोले आणि झाकलेल्या पाटीत वरात घेऊन जाई. यजमान गेल्यावर काकूंनी हे काम धरलं होतं. त्या सांगत, "गोळ्यांची बाई वस्तू विकते हे तेव्हा बरं दिसलं नसतं. आणि मुलीला सुईत दोरा ओवता येत नाही हेही बरं दिसलं नसतं. दोन्ही घरांची अब्रू एकाच पाटीत झाकून जायची." शब्द दिला की दिला. कुठलं रुखवत आपलं, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते मी घरातच होते म्हणून, आणि वाशीमला फोन लावायला माझ्याकडे पैसे नव्हते म्हणून.

मी दुसऱ्या वर्षाला गेले तोवर दिवस बदलले होते. हडपसरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, कार्यालयात एसी आले होते आणि लक्ष्मी रस्त्यावर रुखवत भाड्याने मिळायला लागलं होतं. आज या लग्नात, परवा त्या लग्नात, वरचं नावाचं कार्ड तेवढं बदलायचं. काकू एकदा मुद्दाम जाऊन बघून आल्या. "छान आहे सोय," म्हणाल्या. "पुढे नवरेही ठेवतील. घरी आवडला नाही तर सोमवारी परत." पण त्या दिवशी परातीत हात घालून त्या नुसत्याच बसून राहिल्या. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "निम्म्या पुण्याच्या शोकेसमध्ये माझं काम आहे गं. आणि माझं म्हणून दाखवावी अशी एक सुपारी या घरात नाही. आहे ती खायची."

माझ्या वर्गातली एक मुलगी एका मराठी चॅनेलवर दुपारी लागणाऱ्या हस्तकलेच्या कार्यक्रमात सुट्टीचं काम करत होती. तिने मला विचारलं, "जुनं काहीतरी करणारी एखादी म्हातारी बाई आहे का गं तुझ्या पेठेत? आम्हाला पाहुणी पाहिजे." मी ते काकूंना जरा गोड करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "जुनं, म्हातारी आणि बाई. तिन्हीत बसते मी." लगेच म्हणाल्या, "पण छे. माझं नाव लावून वरात दाखवली तर निम्म्या पुण्यात घटस्फोट होतील."

मला वाटलं विषय संपला. पण रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "खाली नाव लिहून येतं का गं पाहुण्याचं?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "मोठं येतं का?" तेव्हा मला कळलं की त्यांना जायचं आहे. फार जायचं आहे.

वाट त्यांनीच काढली. आजवर कुणाला विकली नाही अशी वस्तू करायची. त्यांनी सुपारीच्या दोन बायका केल्या, फुगडी घालणाऱ्या. हात हातात घट्ट धरलेले, अंग मागे टाकलेलं, पदर खोचलेले, एकीची वेणी हवेत. त्या कशाच्याही आधाराशिवाय उभ्या राहत, नुसत्या एकमेकींना ओढून. एक सुटली तर दोघी पडतील. काकू त्यांच्याकडे पुन्हापुन्हा बघत आणि काही बोलत नसत. काकू काही बोलत नाहीत म्हणजे काम चांगलं झालंय, हे मला एव्हाना माहीत होतं.

चॅनेलवरून फोन आला, की येताना पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी अशा वस्तू अर्धवट करून आणा, कारण गोंद वाळायला आमच्याकडे वेळ नसतो. "म्हणजे डोकं नसलेली बाई, मग हात नसलेली बाई," काकू म्हणाल्या. "आणि प्रेक्षकांना वाटणार समोर केलं. बरं आहे. आमच्याच धंद्यातले दिसतात."

स्टुडिओ हडपसरच्या पुढे होता. ठेवणीतली इरकल नेसून, मांडीवर खोका घेऊन काकू बसमध्ये बसल्या. कंडक्टरने विचारलं, "आजी, खोक्यात काय?" काकू म्हणाल्या, "बायका." त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

बाहेरून ते पत्र्याचं गोडाऊन होतं. आत मात्र एका सुंदर घराची बैठकीची खोली उभी होती. खिडकीत ऊन होतं, ते दिव्याचं. कपाटात पुस्तकं होती, ती थर्मोकोलची. काकूंनी भिंतीवर टिचकी मारली, ती पोकळ वाजली. मग त्या सरळ भिंतीच्या मागे गेल्या. मागे कच्चं प्लायवूड, बाहेर आलेले खिळे, वायरींचा गुंता आणि चहाचे खरकटे कप. काकू इतक्या प्रसन्न मला फार कमी वेळा दिसल्या आहेत. "वाशीम," त्या हळूच म्हणाल्या, "अगं हे रुखवतच आहे!"

सगळं चालवणारा मुलगा होता रोहन. टोपी उलटी घातलेला, गळ्यात हेडफोन. "काकू, एकदम नॅचरल राहायचं."

"मला दुसरं काही राहता येत नाही."

"ग्रेट. पण फुगडी नको हां आज. आपला विवाह विशेष आहे. अदिती मॅडमनी घरून अमेझिंग पीस आणलाय, तोच तुम्ही स्टेप बाय स्टेप शिकवा."

"मी फुगडीच्या पायऱ्या आणल्यात, डोक्यासकट."

"काकू प्लीज. वेडिंग आहे ना, मग वरात बेस्ट."

अदिती म्हणजे कार्यक्रमाची निवेदिका. नुकतंच लग्न झालेली, हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. तिने टेबलावरचा काचेचा खोका उघडला आणि म्हणाली, "माझ्या रुखवतातली आहे. मी स्वतः केलेली." आत सुपाऱ्यांची वरात होती. तारेचा घोडा, जरीचा फेटा. आणि ढोल वाजवणारा एक बँडवाला मान वळवून भलतीकडे बघत होता.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खोक्यात वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंयच."

अदिती हसली. तिला काही कळलं नव्हतं. पाटी नेणारी तिची आई होती, ती नव्हे. मेकअपच्या खोलीत ती आमच्याशी मोकळेपणाने बोलायला लागली. सासूबाई कार्यक्रम रोज बघतात. आज सून स्वतः केलेली वरात दाखवणार म्हणून त्यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवून ठेवलंय. वरात त्यांनीच शोकेसमधून स्वतःच्या हाताने काढून दिली. बोलताना अदिती हातरुमालाचं टोक पिळत होती. काकूंच्या तोंडावर एक मुलगी पावडर लावत होती. काकू डोळे मिटून म्हणाल्या, "चांगल्या दिसतात हो तुमच्या सासूबाई. अशी माणसं सांभाळून ठेवावीत." उठताना त्यांनी रोहनला हाक मारून सांगितलं, "श्रीमती इंदुमती गोळे. कलावती, हस्तनिपुण वगैरे काही नको. नुसतं नाव." हे त्या त्याला येताच एकदा सांगून चुकल्या होत्या.

दिवे लागले. अदितीने काकूंची ओळख करून दिली, काकूंनी नमस्कार केला. इथपर्यंत छान झालं. मग रोहनने कॅमेरा थांबवला आणि काकूंच्या हातांकडे बघत डोकं खाजवलं. काकूंच्या बोटांवर जुने चटके होते, अंगठ्याचं नख सुईने काळं पडलेलं होतं आणि गोंदाने कातडी ताणलेली होती. "काकू, डोन्ट माइंड, पण क्लोजअपला हात जरा... स्क्रीनवर मोठे दिसतात ना. आपण असं करू, तुम्ही बोला, हात अदिती मॅडमचे घेऊ. मॅडम, तुम्हाला तर येतंच!"

अदिती म्हणाली, "मी?"

"तुमचाच पीस आहे ना?"

तिने सुपारी घेतली. सुपारी बोटांतून निसटली आणि कॅमेऱ्याच्या चाकाखाली गेली. कट. दुसरी घेतली, तिच्यावर जरीचा फेटा गुंडाळला, तो उलगडून टेबलावर आडवा झाला. कट. तिसऱ्यांदा गोंद मेंदीच्या बोटांना लागला आणि नवरदेव तिच्या अंगठ्यालाच चिकटून बसला. दिवे धरणारे दोघे एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "मॅडम, घरचंच काम आहे ना?" सगळे हसले, पण त्यात थोडं कुतूहल आलं होतं. रोहनसुद्धा आता अदितीकडे जरा वेगळं बघत होता.

अदितीने मान वर केली. काकूंचा खोका टेबलाच्या कडेला उघडा होता. फुगडीच्या बायका तिच्याकडे बघत होत्या, काडीने ठेवलेल्या दोन ठिपक्यांनी. तिने वरातीतल्या डोळ्यांकडे बघितलं, मग पुन्हा फुगडीकडे. मग काकूंकडे. तिचा चेहरा पावडरीच्या आतून पांढरा पडला.

काकूंनी फक्त एकच वाक्य बोलायचं होतं. वरात माझी आहे, एवढंच. आयुष्यभर नसलेलं नाव त्यांना तिथल्या तिथे मिळालं असतं, आणि वर कॅमेरा होता, दिवे होते, रोहन होता. मला वाटत होतं त्यांनी ते बोलावं. मी प्लायवूडच्या मागे उभी राहून मनात म्हणत होते, बोला काकू, बोला.

काकू उठल्या. त्यांनी अदितीचं मनगट धरलं आणि तिच्या अंगठ्याचा नवरदेव हळूच सोडवला. "अहो, यांचा हात भाजलाय," त्या रोहनला म्हणाल्या. "मघाशी आत मीच मलम लावलं. लाजेने बोलत नाहीयेत. भाजलेल्या हाताने कुणी फेटा बांधतं का? काम त्यांचं आहे, मी नुसते हात चालवते. म्हातारे आहेत, पण हजर आहेत."

"पण काकू, क्लोजअप..."

"नवरदेवाला चालतंय. तुम्हाला काय अडचण आहे?"

मग काकूंच्या हातांनी वरात झाली. शेजारी बसून अदिती बोलत होती, "आता मी असा काठाचा तुकडा घेते." काकूंनी शेवटी बँडवाला घेतला, त्याला लाल कपडा चढवला आणि गोंद ओला असतानाच त्याची मान वळवली. अदिती त्या वळलेल्या मानेकडे बघत राहिली. काकू कॅमेऱ्यात न येता पुटपुटल्या, "म्हणा, हा जेवणाचा मांडव बघतोय." अदितीने तसं म्हटलं.

परतीच्या बसमध्ये काकू फुगडीच्या बायका वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मी खूप वेळाने धीर करून म्हटलं, "काकू, तुम्ही सांगायला पाहिजे होतं. तुमचं होतं ते."

"विकलं तेव्हा माझं होतं. आता तिचं आहे. शोकेस तिच्या सासूची आहे, मी त्यात कुठे उभी राहू?" मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "हात मात्र माझे आले हं. एवढा मोठा कॅमेरा नाकावर आणून घेतले त्यांनी." आणि आणखी थोड्या वेळाने, "फुगडी दाखवायची राहिली."

पुढच्या आठवड्यात कार्यक्रम लागला. काकूंनी टीव्हीसमोर खुर्ची ओढून घेतली होती, शेजारच्या दोघी-तिघी आल्या होत्या. काकू नमस्कार करताना दिसल्या, खाली नावाची पट्टी आली, आणि नेमकी त्याच वेळी आमच्या केबलवाल्याची जाहिरात तिच्यावरून सरकत गेली. कुठल्याशा साड्यांचा सेल होता. जाहिरात पुढे गेली तेव्हा पट्टीही गेली होती. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे. मी काय, मी पुढच्या आठवड्यातही असेन. सेल रविवारपर्यंतच आहे." मग फोन यायला लागले. अभिनंदनाचे नव्हेत. ठिकठिकाणच्या बायका हळू आवाजात विचारत होत्या, "काकू, माझ्याबद्दल काही बोलला नाहीत ना?" काकू प्रत्येकीला सांगत होत्या, "आपण कोण? मी ओळखलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी रिक्षा थांबली. कडक सुती साडीतल्या एक बाई आत आल्या आणि न सांगता खुर्चीवर बसल्या. त्या अदितीच्या सासूबाई होत्या.

"सुनेचा हात भाजला म्हणे स्टुडिओत," त्या म्हणाल्या. "घरी आली तेव्हा काही दिसलं नाही."

"बरा झाला असेल," काकू म्हणाल्या. "वय आहे."

"हो. वय आहे." त्यांनी पदर सारखा केला. "तुमचा बँडवाला अजून तिकडेच बघतो."

काकूंनी परात जवळ ओढली.

"तिच्याकडे ढोल आहे. माझ्या वेळेला क्लॅरिनेट होतं," सासूबाई म्हणाल्या. "लग्नात टेबलावर बघितला तेव्हाच ओळखला मी. तिला सांगू नका. उगाच वाईट वाटेल तिला, सासूला कळलं म्हणून."

"मी कुणाला काही सांगत नाही."

"ते माहीत आहे. म्हणून तर आमच्या आईने तुमच्याकडून घेतलं होतं." मग त्यांची नजर टीव्हीवर गेली. काकूंनी फुगडी तिथे ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. "आणि ही कुणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या.

सासूबाई उठल्या, जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. जाताना दारात वळून म्हणाल्या, "इंदुताई, वेणी फार छान उडलीय." काकूंना 'इंदुताई' म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदाच कुणाला ऐकलं.

त्यानंतर काकूंनी रुखवताची कामं घेणं हळूहळू थांबवलं. भाड्याच्या दुकानांनी ते थांबवलंच होतं, काकूंनी नुसती संमती दिली. परीक्षा संपल्यावर मी गावाला जायच्या आधी त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि एक सुपारी हातात दिली. मी म्हटलं, "मले नाही जमत काकू." "जमत नाही म्हणूनच करायचं. जमणाऱ्या सगळ्या नोकरीला लागल्या." मी एक बँडवाला केला. फेटा एका कानावर आला, एक डोळा दुसऱ्याहून मोठा झाला, तुतारी हातात न बसता पोटात घुसली. काकू म्हणाल्या, "आता मान वळव." मी वळवायला गेले तर गोंद वाळून गेला होता. मान जागची हलेना.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "एखादा असतो असा सरळ बघणारा. त्याला जेवायला उशिरा मिळतं."

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा काकू गेल्या. दुपारी खिडकीशी बसल्या होत्या, तशाच. मी कॉलेजातून आले तर परात मांडीवर होती.

तेराव्याला त्यांचा पुतण्या सगळं बघत होता. तो बंगलोरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि काकूंना क्वचितच भेटला होता. बाहेरच्या खोलीत फोटो, हार, टीव्हीवर फुगडी. आत पानं मांडायचं चाललं होतं. अदितीच्या सासूबाई सकाळीच आल्या. त्यांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि क्लॅरिनेटवाला फोटोसमोर ठेवला. त्याचा लाल कपडा विटून गुलाबी झाला होता.

"हे काय?" पुतण्याने विचारलं.

"माझ्या रुखवतातलं आहे. मी केलेलं. इंदुताईंना आवडायचं."

मागोमाग अदिती पुढे झाली आणि तिने ढोलवाला ठेवला. "हा मी केलेला," ती खाली बघत म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "हो. हात चांगला आहे तिचा."

दुपारपर्यंत बायका येत राहिल्या. कुणी फोन फिरवले ते मी विचारलं नाही. कुणी म्हाताऱ्या होत्या, कुणी ऑफिसचं कार्ड गळ्यात अडकवूनच आल्या होत्या. प्रत्येकीने काहीतरी गुंडाळून आणलं होतं, फोटोसमोर ठेवलं होतं आणि न विचारता सांगितलं होतं, मी केलेलं आहे. बासरी, झांजा, ताशा, पुन्हा क्लॅरिनेट. सगळ्यांच्या माना वळलेल्या, सगळे आतल्या खोलीत मांडलेल्या पानांकडे बघत होते. पुतण्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुण्यातल्या बायका फार हौशी असतात, नाही? पण सगळ्यांनी एकच डिझाईन केलंय."

मी म्हटलं, "हो, तेव्हा तसंच चालायचं."

मग मी मागच्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून माझा बँडवाला आणला. तो त्या सगळ्यांत ठेवायला मला संकोच वाटत होता. मी त्याला कडेला ठेवला. बाकीचे सगळे पानांकडे बघत होते. हा एकटा समोर, काकूंच्या फोटोकडे बघत होता, एका मोठ्या आणि एका लहान डोळ्याने.

"आणि हा कुणी केला?" अदितीच्या सासूबाईंनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली वाकून अगदी जवळून बघितलं.

"दिसतंयच," त्या म्हणाल्या, आणि आपला क्लॅरिनेटवाला जरा बाजूला सरकवून त्यांनी माझ्या बँडवाल्याला मध्ये जागा करून दिली.